दहा लाख तीन

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी मित्रहो, विद्यार्थ्यांनो, आणि आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या गणिताच्या बाई, म्हणजे, आता लपवून काय उपयोग, माझी बायको.

नवऱ्याने बायकोच्या निरोपाला बोलावं, ही मुख्याध्यापकांची हौस. हसा, हसून घ्या. आमच्या शिक्षकखोलीची एक रीत आहे. निवृत्त होणाऱ्याला आम्ही एक मोठी मूळ संख्या भेट देतो, जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच निःशेष भाग जात नाही. देणाऱ्याने ती हाताने तपासायची, यंत्राला शिवायचं नाही. यंदा हे काम माझ्या गळ्यात पडलं.

तशी एक संख्या मी बाईंना लग्न ठरलं तेव्हाही दिली होती. दहा लाख एक. दोन टोकांना दोन एक, मध्ये पाच शून्यं. उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच. दोनने भाग जात नाही, तीनने नाही, सातने नाही. सत्त्याण्णवपर्यंत तपासलं आणि छाती फुगवून म्हणालो, ‘ही आपल्यासारखी. हिला कोण तोडणार?’ दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता बाई म्हणाल्या, ‘अहो, एकशे एकने भाग जातो की!’ सत्त्याण्णवच्या पुढची पहिलीच मूळ संख्या! पण तेव्हा ती पोट धरून हसली होती, अध्यक्ष महोदय.

आता हसत नाही. परवा बॅग भरताना म्हणाली, ‘तुम्ही कायम एक पाऊल अलीकडे थांबता. माझी आई गेली तेव्हासुद्धा दारापर्यंत आलात, आत आला नाहीत.’ मुख्याध्यापक आत्ता म्हणाले, बाई हवापालटाला बहिणीकडे निघाल्यात. कसला हवापालट? उद्या सकाळची गाडी आहे आणि परतीचं तिकीट काढलेलं नाही.

असो. वेळेचं भान आहे मला.

तर ही भेट. दहा लाख तीन. हजारापर्यंतच्या एकूण एक मूळ संख्यांनी भागून पाहिलं, दर वेळी बाकी उरली. इथे थांबावं, पुढे पाहायची गरज नसते, हे वर्गात मीच शिकवतो. पण मी थांबलो नाही. हजार नऊने भागलं, हजार तेराने भागलं, आज इथे येईपर्यंत भागतच होतो. थांबायचा धीरच होत नाही गं.

तू मान हलवते आहेस. हो म्हणून की नाही म्हणून, ते इथून कळत नाही.

सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. सभेत बोलू नये ते बोललो असेन, तर सभागृहाने उदार मनाने माफ करावं. तू मात्र माफ करू नकोस. माफ केलंस की मोकळ्या मनाने निघून जाशील. घरी चल आणि भांड माझ्याशी.