सोवळ्यातला राउटर

मंडळी, पुढं सरका. मागं भिंतीला टेकून बसलेल्यांना प्रसाद सगळ्यात शेवटी मिळतो, असा या देवळाचा नियम आहे. नियम आत्ताच केलाय!

सरकलात? मग एक प्रश्न विचारतो. देवाची कृपा सगळ्यांवर सारखी, असं आपण म्हणतो. म्हणतो की नाही? मग रोज साग्रसंगीत पूजा करणाऱ्याच्या घरात ती कृपा का पोचत नाही? शेजारी कधी घंटासुद्धा वाजवत नाही, त्याचं सगळं सुरळीत — आणि आमच्याकडं ही बोंब! चूक कुणाची? देवाची? शेजाऱ्याची? थांबा, उत्तर देऊ नका. आधी भोरच्या शैलाताईची गोष्ट ऐका.

शैलजा घाटपांडे. वय साठीला टेकलेलं, आवाज खणखणीत, पूजाअर्चा कडक. पोटी मूल नाही, धाकटा भाऊ मुकुंद तोच जीव की प्राण. हा मुकुंद नोकरीसाठी हॉलंडात. ऋजुताशी लग्न होऊन कितीतरी वर्षं झाली, नवससायास झाले आणि मग त्याला मुलगी झाली. झाली की नाही शैलाताई आत्या!

आता मला सांगा, बारशात मान कुणाचा? बापाचा? त्याला कोण विचारतं! तो बिचारा खुर्च्या मांडत असतो. मान आत्याचा. बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करायचं आणि नाव सांगायचं ते आत्यानंच. ती वाकली, की मागून बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. काका, जीभ आवरा — खायचे धपाटे नव्हेत, पाठीतले! ते पाठीत बसण्यासाठी शैलाताई किती वर्षं वाट बघत होती. मुकुंदनं नाव ठरवायचंही तिच्यावरच सोपवलेलं. आणि बाई अशी पक्की, की ते नाव तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. पहिल्यांदा ते बाळाच्याच कानात जायचं, हा तिचा हट्ट.

जायचं होतं तिला हॉलंडला. पण व्हिसा काही वेळेत मिळेना. मग ठरलं, की रविवारी बारसं, आणि आत्याबाई व्हिडिओ कॉलवर. मुकुंद फोन पाळण्यात धरणार, आत्या इकडून कुर्रर्र करणार. सोय झाली!

कसली सोय? बुधवारी रंगीत तालीम घेतली. शैलाताईनं दीर्घ श्वास घेतला, फोनवर वाकली आणि जोरात म्हणाली, “कुर्रर्र!” हॉलंडात काय पोचलं? कु. मग शांतता. मग पुन्हा कु. मुकुंद म्हणाला, ताई, कुणाच्या कुत्र्याच्या पिलाला बोलावतेयस का? आणि तेवढ्यात तिचं चित्रच अडकलं — तोंड उघडं, डोळे मिटलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. तिकडं सगळं घर तिच्या त्या मुखकमलाकडं बघत बसलं.

पेटीवाले, हसू नका. तुमचा फोटो पण माझ्याकडं आहे.

साधा फोन करायचा की, असं म्हणाल. अहो, तोंड न बघता कुणी नाव ठेवतं का? मोबाईलचं नेट म्हणाल, तर त्यांच्या आळीत डोंगर असा आडवा, की रेंज मिळाली तर ती गच्चीत टाकीवर चढून. साठीची बाई पैठणी नेसून टाकीवर चढणार का?

संध्याकाळी मुकुंदनं निरोप रेकॉर्ड करून पाठवला. तो फिरत फिरत, बऱ्याच वेळानं पोचला. आवाज अगदी मऊ. “ताई, रविवारी नेट असंच राहिलं, तर इथं ऋजुताची मैत्रीण आहे, चारुशीला. मानलेली आत्या म्हणून ती उभी राहील. तू फक्त नाव कळवून ठेव.”

मानलेली आत्या! मंडळी, शैलाताईला घास गोड लागेना. सख्खी जिवंत असताना मानलेली? तिच्या काळजात चर्र झालं, आणि काळजात चर्र झालं की माणूस काय करतो? चोर शोधतो.

पहिला चोर सापडला घरातच. नवरा, विनायकराव. हे क्रिकेट बघतात म्हणून नेट संपतं! फोन जप्त झाला. बिचारे रेडिओ शोधायला माळ्यावर चढले. नेट तसंच.

दुसरी चोर कंपनी. तक्रार केली, तर तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, राउटर बंद करून पुन्हा चालू करा. आता इथं खरी गंमत आहे, कान देऊन ऐका. तो राउटर होता कुठं? अक्षय्यतृतीयेला जोडणी झाली. त्या डबीवर हिरवे दिवे लुकलुकायला लागले, आणि तिच्यातून हॉलंडचा भाऊ दिसायला लागला. शैलाताई म्हणाली, जे भावाचं तोंड दाखवतं ते देवाइतकंच! कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि राउटर ठेवला देव्हाऱ्यात. देव्हारा सासऱ्यांनी घडवून घेतलेला, जाड पत्र्याचा, उंदीर शिरू नये म्हणून घट्ट दारांचा. राउटरच्या पुढ्यात पाण्यानं भरलेला तांब्याचा कलश. पूजा झाली की देव विश्रांती घेतात, म्हणून दारं बंद.

म्हणजे राउटर सोवळ्यात! पारोशानं शिवायचं नाही. कंपनीची मुलगी म्हणाली बंद करा, की विनायकराव बंबाकडं. आंघोळ, सोवळ्याची धाबळी, मग बटण. पुन्हा करून बघा म्हणाली, की पुन्हा आंघोळ. विनायकरावांना सर्दी झाली, पण नेट काही सुटेना.

मग कंपनीचा माणूस आला. विचारलं, राउटर कुठाय? शैलाताई म्हणाली, “देवघरात आहे.” त्यानं ऐकलं, देवाघरी गेलाय. म्हणाला, वाईट झालं, मग नवीनच बसवा! समजूत घातली, तर तो बूट काढून आत निघाला. तेव्हा बाईंनी हात आडवा केला. सकाळी काय खाल्लंस? म्हणाला, ऑम्लेट. मग कसला जातोय आत! त्यानं दारातूनच वायर तपासली, इथवर येणारं नेट चांगलं आहे म्हणाला, आणि गेला. त्यानं खरं सांगितलं होतं बरं का. पण ऐकायला मोकळं कोण होतं?

कारण तोवर तिसरा चोर पक्का झाला होता. वरच्या मजल्यावरच्या नलूवहिनी जगदाळे. पासवर्ड होता कुलदेवीचं नाव, आणि घाटपांड्यांची कुलदेवी कोण, हे वहिनींना ठाऊक. मग काय, जिन्यातच गाठलं त्यांना. आमचं नेट फुकट वापरता, लाज नाही वाटत, असं चारचौघांत म्हणाली. वहिनींच्या हातात ताकाची लोटी होती, यांच्यासाठीच आणलेली. त्या एवढंच म्हणाल्या, “आमचं नेट वेगळं आहे, ताई.” आणि लोटी घेऊन वर गेल्या.

घ्या! वहिनींचं नेट सुसाट. नुसतं मागितलं असतं, तर वर बसून थाटात बारसं करता आलं असतं. पण आता कोणत्या तोंडानं मागणार? शैलाताई पासवर्ड बदलून, अबोला धरून बसली.

रविवार उजाडला. पैठणी नेसली, नथ घातली, फोन पाटावर मांडला. मुकुंद दिसला, पाळणा दिसला, फुलं दिसली... आणि चित्र अडकलं. नेमकं कुणावर? चारुशीलेवर! नटूनथटून पाळण्याशी वाकायला तयार. मुकुंदचा तुटका आवाज आला — ताई, नाव... नाव सांग... शैलाताई म्हणाली, “का...” तिकडून आवाज आला, का म्हणजे काय? अगं, मुहूर्त टळतोय!

शैलाताईला रडू फुटलं. फोन घेऊन ती तरातरा देवघरात गेली, खाडकन देव्हाऱ्याची दारं उघडली आणि देवाला म्हणाली, “एवढं केलं तुझं. एका पोरीचा कान तेवढा मागितला होता रे.”

आणि हातातला फोन शिंकला!

फोन कसला, बाळ शिंकलं! स्वच्छ, खणखणीत, आणि नाकाचा एवढासा शेंडा लाल झालेला दिसला. शैलाताई हरखली, धावत बाहेर निघाली, जाता जाता सवयीनं दार लावलं — चित्र गायब. परत आली, दार उघडलं — बाळ हजर. लावलं, गायब. उघडलं, हजर. मागं विनायकराव उभे होते, नाक पुसत. ते हळूच म्हणाले, “अगं, दार आपणच लावतोय की.”

मंडळी, बाई तिथल्या तिथं मटकन खाली बसली. पण क्षणभरच. मग उठली, कलश बाजूला केला, सोवळं नाही, धाबळी नाही, राउटर पैठणीच्या पदरात घेतला, आणि वायर पुरली तिथवर आणून बाहेरच्या स्टुलावर ठेवला. हॉलंड लख्ख झालं! चारुशीला हसत मागं सरली. मुकुंदनं फोन बाळाच्या कानाशी नेला.

शैलाताई वाकली, आणि थांबली. पाठ रिकामी! धपाटे कोण घालणार? विनायकरावांकडं पाहिलं. ते म्हणाले, नको गं बाई, जन्मभर ऐकावं लागेल.

मग ती दाराशी गेली. जिन्याकडं तोंड करून, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाली, “नलूवहिनी, चुकले मी. तुम्ही चोर नव्हता. माझं बारसं खोळंबलंय, धपाटे घालायला या.”

 मग पावलं वाजली. वहिनी आल्या, भाकरीचं पीठ मळता मळता उठलेल्या, दोन्ही हात पांढरे.  मागं येऊन उभ्या राहिल्या.

“कुर्रर्र!” — धप! “कावे —” धप! “— री!” थेट हॉलंडात पोचली कावेरी, दणक्यासकट! आणि वहिनी म्हणाल्या, “हा आत्याबाईचा. हाही आत्याबाईचा. आणि हा पासवर्डचा!” तो जरा जोरात होता. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या, रडल्या. पैठणीवरचे ते पिठाचे पंजे शैलाताईनं अजून झटकू दिलेले नाहीत.

आता सांगा उत्तर. नेट येत नव्हतं का? येत होतं, दिवसरात्र. देव्हाऱ्यातून ते बाहेर पडू दिलं नाही कुणी? जिनं कुंकू लावलं तिनंच! अहो, कृपेचं तसंच आहे. ती आलेली असते. आपण तिला पत्र्यात कोंडतो, हे शिवायचं नाही, ते चालायचं नाही म्हणतो, वर पाण्याचा कलश ठेवतो, आणि जिन्यात ताक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला चोर म्हणतो. त्या लोटीतून काय येत होतं, मंडळी? कृपाच येत होती की! आली तशी परत गेली.

घरी जाऊन राउटर बघाल, ठाऊक आहे मला. जरूर बघा. पण त्याआधी एक काम आहे. तुम्ही ज्याच्याशी बोलत नाही, तो याच देवळात बसलाय, दोन खांब सोडून. मला इथून दोघंही दिसतायत. आरती व्हायच्या आत उठा, त्याच्यापर्यंत जा, चुकलो म्हणा. आणि पाठ पुढं करा.