चौरस्त्यावरचा सौदा

मिसिसिपीतल्या एका दवाखान्यात जोनेल तापाने फणफणलेल्या बाळाला मांडीवर घेऊन नंबरची वाट पाहत होती. समोरच्या बाकावर म्हातारा अर्स्किन आणि त्याची बायको लुव्हीनिया यांची जुंपली होती. ‘सैतान’ हा शब्द कानी पडताच जोनेलने बाळाचं टोपरं कानांवर ओढलं.

“पाद्री साफ म्हणाला, सैतानाला आत्मा विकणाऱ्याला चर्चच्या दफनभूमीत जागा नाही.”

“मग तू एकटीच पड तिथे.”

“माझ्या शेजारी दुसऱ्या कोणाला पुरतील. चालेल?”

“चालेल कसं!”

“मग जा आणि कबूल कर, ती थाप होती म्हणून.”

“अगं, त्या थापेवर तर जन्म काढला! चौरस्त्यावर सैतान आला, आत्म्याच्या बदल्यात त्याने माझी गिटार सुरात लावून दिली, हे ऐकूनच लोक शनिवारी गुत्त्यात गर्दी करायचे.”

“आणि खरी लावली कोणी?”

“हळू बोल, ती पोरगी ऐकतेय.”

“ऐकू दे. आमच्या खुराड्यामागे तुला वाजवायला कोणी शिकवलं?”

“तूच.”

“मी असलं गुत्त्यातलं संगीत वाजवते हे आईला कळलं असतं तर माझी बोटंच मोडली असती तिने.”

“म्हणून तर तुझं नाव घेतलं नाही. सैतानाचं घेतलं.”

“मग पाद्र्याला आता खरं सांग.”

“काय सांगू?”

“की सौदा खरा होता. सैतान दर रविवारी तुमच्यासमोर पहिल्या रांगेत उभा राहून भजनं गातो, आणि विकत घेतलेला माल त्याला मेल्यावरही शेजारीच हवाय.”

जोनेलने बाळाचं टोपरं हळूच वर सरकवलं.