भोंग्याची तिसरी ओळ

लवू : काका, ह्या पुस्तकात खूण म्हणून घातलंय ते सहदेवचं पत्र ना? दसऱ्याचं?

श्यामकांत : असू दे तिथेच. पान हरवेल.

लवू : पान हरवलं तर सापडेल. आमचा माउथऑर्गनवाला हरवलाय त्याचं काय? शनिवारी माघी गणपतीला आपला 'मरोळ ब्लूज' बँड पुन्हा गेल्या वेळच्याच मंडळात, त्याच स्टेजवर. गाणं-गिटार मी, ढोलकी काशीराम. माउथऑर्गनशिवाय ब्लूज काय डोंबल वाजवू?

श्यामकांत : तूच जाऊन सांग ना त्याला. चेंबूरहून मानखुर्द म्हणजे दोन स्टेशनं.

लवू : गेलेलो ना, दोनदा! म्हणतो, काकांचं उत्तर येऊ दे, मग येतो. तुम्ही लिहिलंच नाहीत?

उत्तरा : लिहिलं नाही कसं? सात वेळा लिहिलं. त्या कागदांच्या कोऱ्या पाठींवर माझ्या वाण्याच्या याद्या होतायत.

श्यामकांत : उत्तरा, चहा टाकतेस ना?

उत्तरा : टाकलाय. विषय नका बदलू.

लवू : एवढं विचारलंय काय त्याने?

श्यामकांत : वाच. शेवटचं वाक्य.

लवू : 'काका, त्या दिवशी मी चुकलो का तुमचे शब्द चुकले, तेवढं कळवा.' बस? लिहायचं ना, तू चुकलास गाढवा!

श्यामकांत : पण चुकला का रे तो? शब्द तर माझेच. 'भोंगा वाजत नाही, तरी पाचला जाग येते.' ब्लूजमध्ये ओळ दोनदा म्हणायची, मग तिसरी ओळ तिला उत्तर देते. तिसरीपर्यंत आपण पोचलोच नाही.

लवू : पोचणार कुठून! संपात घरी बसलेले सगळे गिरणीवाले समोर. मी ओळ म्हटली मात्र, माझ्याच बापाने खिशातून टाळ काढले आणि अख्खा मांडव मागून तीच ओळ म्हणायला लागला. मला वाटलं थांबतील. वीस मिनिटं नुसता भोंगा!

उत्तरा : एक बाई तर आरतीचं तबक घेऊन उभ्या राहिल्या.

श्यामकांत : आणि सहदेव माइकवर म्हणाला, 'काकांनी भजनच लिहिलंय, बुवा आणा,' आणि खाली उतरला. खरं सांगू? मला तेव्हापासून वाटतं, तो बरोबर होता. मी ब्लूज पुस्तकात वाचला, तबकड्यांवर ऐकला. मी कशाला त्याच्यात पडलो?

लवू : काका, बापाला विचारलं मी, मध्येच कशाला म्हणायला लागलात? तर म्हणतो, 'मेल्या, बुवाक कोण एकटो सोडता काय रे?'

श्यामकांत : गुणाजी असं म्हणाले?

लवू : वर मलाच शिव्या घातल्या.

श्यामकांत : मांडव म्हणत होता तेव्हा सहदेव काय करत होता?

लवू : ओठ आवळून उभा. लोक कधी गप्प बसतात त्याची वाट बघत.

श्यामकांत : आणि त्यांची ओळ संपल्यावर, तुझी सुरू व्हायच्या आधी? मध्ये जागा होती ना?

लवू : होती की. चांगली चार ठोक्यांची. काशीराम एकटाच बडवत होता.

श्यामकांत : अरे, ती माउथऑर्गनची जागा! बुवा तू, मागून म्हणणारे ते, आणि उत्तर द्यायचं सहदेवने. कुणीच चुकलं नाही रे. उत्तरा, कागद दे.

उत्तरा : कागद नाही मिळणार. हे घ्या, पोस्टकार्ड.

श्यामकांत : ऐका हं. 'सहदेव, शनिवारी ये. सहदेव, शनिवारी ये. त्यांची ओळ संपली की तू वाजव.'

लवू : झकास! आणि गाण्यातली तिसरी ओळ? ती कधी म्हणू?

श्यामकांत : नको म्हणूस. सहदेव वाजवेल तीच तिसरी.

लवू : तुमचे शब्द कापता, काका?

श्यामकांत : मला ती कधी पुरती आवडलीच नव्हती. बरं, हे फार त्रोटक नाही ना वाटत? प्रकृतीची चौकशी वगैरे—

उत्तरा : चपला घाला. चारला पेटी उघडतात.

(नाक्यावर, टपालपेटीपाशी)

लवू : टाका.

श्यामकांत : 'वाजव' म्हणजे हुकूम सोडल्यासारखं होतं का रे? 'वाजवशील का' केलं तर—

लवू : काका, बोटं सोडा.

श्यामकांत : सोडली. पडल्याचा आवाज नाही आला.

लवू : आत आधीची पत्रं असतील. त्यांच्यावर पडलं.