अष्टमीच्या दिवशी लाँच कुठे होती

ता. १२/१२/१९८१

मी, गोजरा भ्रतार कमळाकर तांडेल, वय अंदाजे अडतीस, जात हिंदू आगरी, धंदा घरकाम, पूर्वी शेती व मिठागर, राहणार मौजे करावे, तालुका व जिल्हा ठाणे. पतीचे नाव मी तोंडाने घेत नाही, ते रेशनकार्डावरून हवालदार बाजीराव यांनी लिहिले आहे. आज स्वतःच्या पायाने पोलीस ठाण्यात येऊन, कोणी न शिकवता, पुढीलप्रमाणे सांगते.

मी वरील ठिकाणी पती, सासू बायजाबाई व मुलगी पुतळा यांच्यासह राहते. माझ्या पतीला काल संध्याकाळपासून या ठाण्यात बसवून ठेवले आहे. संशय असा की, मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीला, म्हणजे चार तारखेला, दिवस मावळल्यावर उरणच्या पलीकडे एका पांढऱ्या लाँचमधून परदेशी माल उतरला व ती लाँच आमची होती. माझे पती स्वतःही सांगतात की, त्या संध्याकाळी मी लाँच घेऊन मांडव्यापर्यंत गेलो होतो, माल नव्हता, पण गेलो होतो. माझे म्हणणे असे की लाँच गेली नव्हती. ती खाडीच्या चिखलात उभी होती, आजही तिथेच आहे, आणि हे सांगायला माझ्याशिवाय दुसरे कोणी नाही.

आमची शेती व मिठागराचा हिस्सा नव्या शहरासाठी सरकारने घेतला. मोबदला मिळाला. गावात कोणी स्लॅबचे घर बांधले, कोणी ट्रक घेतला. माझ्या पतीने काहीच घेतले नाही व त्यांना घरात बसवेना. सकाळी उठून बांधावर जायचे, तिथे बांध उरलेला नाही हे बघून परत यायचे, चहा घ्यायचा, पुन्हा जायचे. जेवताना ताटावरून दोनदा उठायचे. काय झाले विचारले की काही नाही म्हणायचे. अशा माणसाबरोबर एका घरात राहणे किती अवघड असते हे जबाबात लिहिता येत नसेल तर सोडून द्यावे.

त्यांचे आजे व पणजे गलबतावर तांडेल होते. गलबत चालवणारा मुख्य माणूस तो तांडेल. वडिलांच्या हातात मात्र मिठागराचे फावडे आले. ते माझ्या पतीच्या मनात फार होते. मुंबईच्या एका शेठने हौसेला ठेवलेली मोठी मोटर लाँच विकायला काढली आहे असे त्यांना कोणीतरी सांगितले. त्यांनी घरात कोणाला न विचारता ती घेतली. लाँच पांढरी आहे. आत दोन खोल्या, गादीचा पलंग, काचेच्या खिडक्या, भांडी घासायची मोरी, पंखा व विलायती संडास आहे. आमच्या घरापेक्षा ती लांब आहे. सासूने बघितल्यावर विचारले, "मासली कुठं ठेवाची?" त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

यंदाच्या नारळी पौर्णिमेला लाँच गावात आणली. वर्षातले मोठे उधाण होते, वर पावसाचे पाणी. बँड लावला होता, सगळे गाव काठावर आले होते. शेठचा ड्रायव्हर म्हणाला, भर खाडीत खोल पाण्यात नांगर टाकून ठेवा. माझे पती म्हणाले, "होरी दारान बांदतान. भर खारीन बांदाला ती काय परक्याची हाय?" आमच्यात रीत अशी की ज्याची त्याची होडी ज्याच्या त्याच्या फाट्यात, म्हणजे खाडीच्या आत शिरलेल्या चिंचोळ्या फांदीत, वाडवडिलांच्या खुंटाला बांधायची. आमचा फाटा जुन्या मिठागरामागे, तिवरांच्या झाडीआड आहे. होडीला बूड सपाट, ओहोटीला ती चिखलावर म्हशीसारखी बसते, भरतीला उठते. लाँचही तशीच बसेल असे त्यांना वाटले. खरे तर मलाही तसेच वाटले, म्हणून मी आडवी आले नाही. नारळ वाढवून, आजेसासऱ्यांच्या खुंटाला लाँच बांधून सगळे घरी जेवायला आले. ड्रायव्हर बसने गेला.

लाँचला खाली सपाट बूड नाही, मध्ये लांब धार आहे. ओहोटी लागली तशी ती कुशीवर कलली. कपाटातल्या शेठच्या कपबश्या फुटल्याचा आवाज मी बांधावरून ऐकला. आम्ही दोघांनी मिठागराच्या फळ्या व बांबू लावून टेकू दिला. दुसऱ्या दिवसापासून पाणी कमी होत गेले. त्यानंतर फाट्याच्या तोंडावरून लाँच बाहेर पडेल इतके पाणी आजतागायत आलेले नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती जागच्या जागी उचलते व डुलते. अष्टमीला तर पाणी सगळ्यात कमी, त्याला आम्ही भांग म्हणतो. त्या पाण्यात आमच्या फाट्यातून बदकसुद्धा चालत जाते.

एवढी मोठी लाँच ठेवून तुम्हाला फायदा काय, असे फौजदार साहेबांनी विचारले. त्यावरून सांगते की फायदा नाही असे नाही. नातेवाईक आधी आम्हाला लग्नाची पत्रिका पोस्टाने पाठवायचे, आता स्वतः येऊन देतात. पुतळासाठी चांगले स्थळ आले, लाँचवाल्यांची मुलगी म्हणून आले. भरतीला गादीवर पडले की अंग हलके होते व मच्छर कमी लागतात. शिवाय माझे पती ताटावरून उठायचे थांबले, हा मोठा फायदा झाला. तोटे विचाराल तर, तिच्यावरून जाळे टाकता येत नाही, कठडा आडवा येतो. डिझेल पिते. दर भरतीला कुठून ना कुठून पाणी आत येते, ते उपसायला मी. संडास ओहोटीला चालत नाही व त्याबद्दल जास्त सांगत नाही. मुलाकडची मंडळी म्हणाली, एकदा फिरवून आणा, तर पाण्याची वेळ बरोबर नाही असे सांगून त्यांना तीनदा परत पाठवले, आता ते चौथ्यांदा विचारत नाहीत. दारी हत्ती झुलतो असे लोक म्हणतात, त्याचे शेण काढणारी मात्र मी एकटी.

लाँच अडकली हे पतीने सासूलाही सांगितले नाही. भरती आली की ते पांढरी टोपी घालतात, डिझेलचा डबा घेतात, "जाऊन येतंव" म्हणून सासूच्या पाया पडतात व तिवरांच्या मागे जातात. तिथे लाँचवर चढून इंजिन चालू करतात. आवाज गावात ऐकू येतो, धूर दिसतो. गिअर टाकत नाहीत, नुसते इंजिन चालवतात व सुकाणूचे चक्र धरून समोर बघत उभे राहतात. ओहोटी लागली की बंद करून, तोंड धुऊन घरी येतात. सासू विचारते, समुद्र कसा होता. ते सांगतात.

पहिल्यांदा मी भाकरी घेऊन गेले तेव्हा हे बघितले. मला हसू आले व लगेच रडू आले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "उभी कनाला ऱ्हायलीस? बस. आता लाटा लागतील." मी बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "गोजरा, ती बग घारापुरी आयली." समोर तिवर होते व एक बगळा होता. मी बघितले व म्हटले, "आयली वो." त्यानंतर मी पुष्कळ वेळा गेले. वारा सुटलाय, पदर सांभाळ, असे ते म्हणाले की मी पदर खोचते. लग्नाला वीस वर्षे झाली, त्यांनी मला कुठे फिरवले नव्हते.

अष्टमीच्या दिवसाबद्दल विचारल्यावरून सांगते. त्या दुपारी पाणी उतरलेले असताना मी लाँचखाली चिखलात उतरून कालवे, म्हणजे खायची शिंपली, काढली. खडकाला धरतात तशी कालवे लाँचच्या बुडाला धरली आहेत. चालत्या लाँचला कालवे धरत नाहीत, हे आमच्याकडे कोणीही सांगेल. पाण्यात फिरून लाँच पुढे ढकलणाऱ्या मागच्या पंख्याला हात लावायचा नाही असे पतीने बजावले असल्यामुळे त्यावरची कालवे मी काढलेली नाहीत. ती पंख्याच्या पात्यांवर व दांड्यावर एकाला एक चिकटून बसली आहेत. पंखा फिरला असता तर ती राहिली नसती. पंचांना ओहोटीच्या वेळी नेऊन दाखवण्यास मी तयार आहे. गुडघ्यापर्यंत चिखल आहे, बूट काढावे लागतील.

त्याच दिवशी संध्याकाळी, जेवढी आली तेवढ्या भरतीला, पतीने इंजिन चालू केले. मी बरोबर होते. त्या दिवशी मांडव्याला जायचे ठरले होते. वाटेत त्यांनी मला दीपस्तंभ दाखवला. काळोख पडल्यावर इंजिन बंद केले व आम्ही बांधावरून चालत घरी आलो. कालवांचे कालवण केले होते, ते जेवलो. दुसऱ्या दिवशी पती वाशीला गेले व तिथल्या हॉटेलात चार माणसांत बोलले की काल लाँच मांडव्यापर्यंत काढली होती. त्या चारांतल्या कोणाची तरी जीभ ठाण्यापर्यंत लांब असावी.

काल, अकरा तारखेला, पोलीस पाहणीसाठी आले तेव्हा पौर्णिमेचे भर उधाण होते. लाँच पाण्यावर डुलत होती, टेकू पाण्याखाली गेले होते. माझ्या पतीने साहेबांना हात देऊन वर घेतले, टोपी घातली व भोंगा वाजवून दाखवला. साहेबांना ती चालती वाटली यात त्यांची चूक नाही. गावकऱ्यांना विचारले तर ते आमाला काय म्हाईत नाय म्हणाले. पोलिसांना गाव तेवढेच सांगते.

आज सकाळी मी पतीला भाकरी द्यायला आले तेव्हा मी म्हटले, "साहेबाला खरा सांगा ना. कनाला डासान बसल्यात?" ते म्हणाले, "चोर बोलतील तं बोलूंदे. चिखलान रुतला असा कोनी बोलला नाय पायजे. आमचे घरान सगले तांडेल जाले, मीच येक रुतलो." मी म्हटले, "मंग जेलान जावा, तितं टोपी घालू देतील." हे मी रागाने बोलले. ते भाकरीकडे बघत बसले, खाल्ली नाही. मग म्हणाले, विचारले तर तू सांग, आपण दोघे गेलो होतो. मी बाहेर आले व बाकावर बसले. बसवेना म्हणून उठले, फाटकापर्यंत गेले, पुन्हा आले. असे किती वेळा केले ते फाटकावरच्या शिपायाने बघितले आहे. मग आत येऊन मी हवालदार साहेबांना म्हटले, लिहा.

मी हे सांगितल्यामुळे पती सुटतील व घरी येतील, पण माझ्याशी बोलतील की नाही हे माहीत नाही. गावात हसतील, पुतळाचे स्थळही कदाचित जाईल. पती इंजिन पुन्हा चालू करणार नाहीत, याची मला जास्त भीती वाटते. पण न केलेल्या चोरीसाठी माणूस तुरुंगात देऊन त्याची इज्जत राखणे मला जमत नाही. मला त्यांचा फार राग आला आहे व फार कीवही येते, असे सांगितले असता, जबाबात एक काहीतरी लिहा असे हवालदार साहेब म्हणाले. मी दोन्ही लिहायला लावले.

माझ्या पतीचा त्या मालाशी किंवा त्या लाँचशी काही संबंध नाही. आमची लाँच त्या दिवशी तिथे नव्हती.

हा जबाब हवालदार बाजीराव यांनी मला मराठीत वाचून दाखवला. हळू वाचावा अशी मी विनंती केली होती, कारण पती बसले आहेत ती खोली फळीच्या पार्टिशनपलीकडे आहे. परंतु हवालदार साहेबांचा आवाज मुळातच मोठा आहे. चिखलाचा मजकूर आला तेव्हा पलीकडे बाक सरकल्याचा आवाज झाला. वाचून झाल्यावर काही बदल करायचा आहे का, असे मला विचारण्यात आले. त्यावरून सांगते की, लाँच जागची हलली नाही हे खरे आहे व तसेच ठेवावे. त्यापुढे "आम्ही दोघे कोठेही गेलो नाही" असे हवालदार साहेबांनी आपल्या मनाने लिहिले होते, ते मी खोडायला लावले आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून डाव्या हाताचा अंगठा करते.