अर्धवट ऑर्डर

इंदिरानगरच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या यमुनाबाईंच्या शेजारी एक आजोबा मोबाइल घेऊन बसले होते. पलीकडची मुलगी त्यात डोकावली.

"अय्या, हा चपलांच्या दुकानाचा ऑनलाइन ऑर्डरचा फॉर्म मीच केलाय! कुठे अडलंय, आजोबा?"

"पत्त्यापाशी. दर मंगळवारी तिथेच अडतं."

"उद्यापासून नवा येतोय. नाव, पत्ता, फोन, झालं!"

"आणि अर्धवट सोडला की तुमच्याकडची मुलगी फोन करते, ती?"

"आता कुणाचा अर्धवट राहणारच नाही. ते फोन बंद."

"बंद? छान विचारते गं, 'काका, कुठे अडलं? जेवलात का?' असं."

"पण चपला हव्यात ना तुम्हाला?"

"आहेत की घरात. घालून जायचं कुठे?"

"मग..."

"नव्या फॉर्ममधली एखादी चौकट अवघड राहू दे ना, बाळा."

तेवढ्यात यमुनाबाईंचा नंबर पुकारला. त्यांनी मागच्या बाईंना पुढे जायला सांगितलं आणि त्या आजोबांशेजारीच बसून राहिल्या.