यज्ञेशची भाषा आणि शरदिनीचे पलटे

...बरं, भाषा करायला सांगितलीत, केली, पण ती बोलायला माणूसही आम्हीच आणायचा, हा कुठला नियम, तुम्हीच सांगा? आमचा पुतण्या यज्ञेश, कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला. तिथे स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा करायची असते, व्याकरणासकट, आणि वर तिचा इंटरप्रिटर लिहायचा, म्हणजे दुभाष्या हो, आपण लिहिलेली ओळ वाचून मशीनकडून काम करून घेणारा. आणि यज्ञेश कसा, तर गंगेपलीकडे रामनगरला जायला नावेत बसला की तिकडे उतरायचं विसरून त्याच नावेने परत येणारा. अख्खा हिवाळा पोरगा अहिल्याबाई घाटावर, समोर धुकं, मांडीवर लॅपटॉप... आणि घरात बोलतो त्या मराठीची भाषा केलीन. जर, नाहीतर, जोवर. ओळ संपली की 'रे' लिहायचं, लाडाने हाक मारल्यासारखं. 'काका, वाक्य आत झाडासारखं उलगडतं,' म्हणायचा आणि नदीकडे बघत राहायचा. तुम्हाला सांगतो, कळत काही नव्हतं, पण मलाही त्या धुक्यात झाड दिसायला लागलं होतं.

सरांनी पाहिली. 'बेटा, सुंदर है. लेकिन सोमवार तक कोई और इसमें कुछ लिखके चलाए, तब पास. अकेले की बोली भाषा नहीं होती.'

आता बोलणारा आणायचा कुठून?

मित्राकडे गेला, विश्वजीतकडे. तर वर्गात प्रत्येकाची आपापली भाषा, दुसऱ्याची कोण बोलतो? विश्वजीत म्हणाला, 'यार, अपनी वाली मुझसे ही नहीं बोली जाती.' बापाला विचारलं, म्हणजे आमच्या प्रल्हादला, रेल्वेतला माणूस, तो म्हणाला, 'ह्यात रिझर्वेशन होतं का? नाही ना? मग मी काय बोलू तिच्याशी?' पोरगं पानावरून तसंच उठलं. आता बोलणारा आणायचा कुठून?

शेवटी गेला मंगला गौरीच्या देवळाजवळ, आमच्या बहिणीकडे, शरदिनीकडे. ती गाणं शिकवते. म्हणाली, 'तोंड का उतरलं रे?' ह्याने सांगितलं. ती म्हणाली, 'माझे पलटे मांडून देईल का ती?' पलटे म्हणजे तेच सूर उलटसुलट, सा रे ग, सा ग रे... एखादा राहिला की शिष्यांची भांडणं. 'देईल ना, आत्या.' मग शरदिनीने चष्मा लावला, ह्याच्याकडून शिकत शिकत, एका बोटाने लिहिलं, आणि पडद्यावर काय आलं? 'कळलं नाही.'

'कळलं नाही म्हणजे? नीट ऐक म्हणावं तिला.'

'आत्या, ती ऐकत नाही, वाचते.'

'मग नीट वाच म्हणावं.'

यज्ञेश बघत बसला... आणि त्याच्या लक्षात आलं. 'सा रे ग' मधला 'रे' आला की दुभाष्याला वाटायचं, संपली ओळ. एवढ्या हिवाळ्यात त्याच्या मनात आलं नव्हतं की कुणाला 'रे' मधेच हवा असेल. 'रे' काढला, तिथे दंड, म्हणजे उभी रेघ, ठेवला, आत्याने परत चालवलं, आणि तुम्हाला सांगतो, सूर झरझर खाली उतरायला लागले. शिकायला आलेल्या चौघी मुली पडद्यावर बघून गाऊ लागल्या, खिडकीतून गंगेचा वारा, आणि यज्ञेश भिंतीला टेकून डोळे मिटून... आपलं व्याकरण कुणी गातंय, हे ऐकत. चहा निवला, त्याला पत्ता नाही. मिळाली की हो बोलणारी.

सोमवारी सरांनी पास केलं.

मग पोरगा भाषा साफसूफ करायला बसला, आणि दिसलं की पडद्यावर आणायच्या हुकुमाला ह्याने 'दिखव' म्हटलंय. धड हिंदी नाही, धड मराठी नाही. लाजला. आत्याला फोन केला, ''दिखव'चं 'दाखव' करतो.'

'हात लावशील तर बघ. माझे सगळे पलटे 'दिखव'वर चालतात. मुलींनाही तेच शिकवलंय.'

'अगं, पण ते चूक आहे.'

'तुला वाटतं चूक. आम्हा पाचजणींना नाही वाटत.'

काय करणार... भाषा ह्याची, पण तिच्यात आता हाच अल्पमतात.