नुसत्या पाण्याला सुई का चढली

सन्माननीय अध्यक्ष, आमचे प्राचार्य राजशेखर सर, गुडघा कसा आहे आता? जिना चढून आलात, म्हणजे उतार दिसतोय. व्यासपीठावरच्या पाहुण्या तेजस्वी मॅडम, घाटात गाडी लागली म्हणे; आता बरं वाटतंय ना? पहिल्या रांगेतल्या मल्लव्वा, आमच्या उत्सवमूर्तींच्या आई, खोकला गेला का? आणि आज ज्यांना निरोप देतोय त्या उत्सवमूर्ती विद्याश्री मॅडम, तुमची तब्येत मी विचारत नाही. मंगळवारपासून तुम्हाला झोप नाही, आणि त्याला कारण मीच आहे. बंधुभगिनींनो, आपणही सगळे खुशाल असाल असं धरून चालतो.

मी बाळासो, प्रयोगशाळेतला मदतनीस. त्याआधी रेडिओ दुरुस्त करायचो. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं यंत्रं उघडून शिकलो.

मॅडमचा ध्यास आपल्याला ठाऊक आहे. बटाट्याच्या रसात एक विकर असतं, म्हणजे एन्झाइम. जखमेवर टाकायच्या पेरॉक्साइडमध्ये तो रस ओतला की फसफसून फेस येतो. हे काम करताना ते विकर सूक्ष्मलहरी सोडतं का? केवढा नाजूक प्रश्न! त्या टिपायला मी केबलवाल्याच्या मोडक्या डिशमधून यंत्र जुळवलं. नोंदीची सुई शेजारच्या खोलीत, मधे काच. मॅडम तिकडे सुईसमोर, काचेकडे पाठ करून बसायच्या.

चार वर्षं, रस ओतला की सुई चढायची. नुसतं पाणी ओतलं की ढिम्म. लेख तयार झाला, पाकीट चिकटवलं. ह्याच कामावर मॅडमना बंगळुरूहून नोकरीचं बोलावणं आलं.

मंगळवारी शेवटची खेप होती. मॅडमनी भरून दिलेलं पाणी मी ओतलं, पण माझा पाय निघेना. मॅडम जाणार, आता ही खोली बंद होणार, म्हणून तिथंच स्टुलावर बसून राहिलो. काचेतून बघतो तर सुई वर!

"मॅडम, ह्यात रस घातलासा व्हय?"

"नाही हो, बाळासोमामा. पाणीच आहे."

"मग सुई चढाय लागलीया की!"

मॅडम वळल्या. "मामा, उठा बघू." उठलो, बाजूला झालो, सुई खाली. "बसा." बसलो, सुई वर.

"रस ओतल्यावर तुम्ही रोज तिथंच बसत होता?"

"व्हय की. भांड्यामागं."

"आणि पाण्याच्या वेळी?"

"च्या प्यायला जात हुतो. नुसत्या पाण्याजवळ बसून काय करायचं?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अय्यो मामा! चार वर्षं मी तुमचीच ऊब मोजली."

कोणत्याही उबदार अंगातून तसल्या लहरी निघतात, हे मलाही माहीत होतं. 'नोंद चालू असताना खोलीत कुणी थांबू नये' अशी पाटीही दारावर होती. ती मीच खिळ्यानं ठोकलेली. पण ती पोरांसाठी, असं मी समजत होतो.

मग बसत का होतो? आमची घरवाली धोंडुबाई गेल्यापासून घरी हाक मारायला कुणी नाही. त्या भांड्यात फेस यायचा, काहीतरी चालू असायचं. तेवढीच सोबत वाटायची.

मॅडम, ते पाकीट तुम्ही तसंच टपालात टाकलं असतंत तर कुणाला कळलं असतं? आपल्या दोघांशिवाय कुणालाच नाही. तुम्ही ते माझ्यासमोर फाडलंत. बंगळुरूची नोकरी राहील की जाईल, हे तिथं खरं सांगितल्यावरच कळणार. सगळ्यांसमोर हे बोलायची परवानगी तुम्हीच दिलीत. दोष माझा होता, म्हणून तो माझ्याच तोंडानं सांगितला.

यंत्र मी धोंडुबाईच्या गोधडीत बांधून दिलं आहे. तिथं खोली रिकामी ठेवून पुन्हा बघा.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, फार उपकार झाले. अडाणी माणसाचं बोलणं, कुठं उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला.

आणि मॅडम, पत्र लवकर टाका. सुई हलली, तर तुमचं विकर खरं ठरलं. नाही हलली तरी टाका. मग सुईच्या नोंदीचे आपले जुने कागद मी जपून ठेवीन. एवढी चार वर्षं त्या खोलीत कुणीतरी बसलं होतं, ह्याची तेवढीच नोंद आहे.